आपण आधीच घरात आहात

सुपडूनानांना आपलं नाव कधीच आवडलं नाही. आणि ज्याला आपलं नाव आवडत नाही अशा माणसाला कुलपानं नाव विचारू नये. पण हे कुलपाला कोण सांगणार? शिवाय ते आणलं नानांनीच होतं, आणि तेही हौसेनं.

दीपनगरच्या वीजकेंद्रात नानांची सगळी नोकरी गेली. नवा साहेब आला की हजेरी घेताना त्यांच्या नावापाशी हमखास थबके. "सुपडू म्हणजे काय हो?" मग नाना तोंड बारीक करून सांगत, की आमच्या आधीचा भाऊ पाळण्यातच गेला. म्हणून मी झाल्या झाल्या आईनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचललं, आणि आईनं मूठभर ज्वारी देऊन तिच्याकडून विकत घेतलं. मरणाला वाटावं, की हे पोर टाकलेलं आहे, न्यायच्या लायकीचं नाही. वर मुलगी वाटावी म्हणून उजवी नाकपुडीही टोचली. साहेब हे सगळं गंभीरपणे ऐकून घेई आणि मग बदली होईपर्यंत नानांच्या डोळ्यांऐवजी नाकाकडे बघून बोले.

निवृत्तीनंतर नानांनी जळगावात रो हाउस घेतलं. धुळ्याकडच्या गावाहून अक्काला, म्हणजे आईला आणलं. अक्काचं खरं नाव भिकुबाई. तेही असंच मागून आणलेलं नाव, पण तिनं त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं कोणाला आठवत नाही.

तर कुलूप. झालं असं, की शेजारच्या भूपेंद्रच्या घरातून इन्व्हर्टरची बॅटरी चोरीला गेली. भूपेंद्र रावेरच्या केळीचा व्यापारी. केळीचा भाव सोडून जगातल्या सर्व विषयांत त्याचा सल्ला फुकट मिळतो. तो म्हणाला, "नाना, किल्लीचा जमाना गेला. किल्ली चोराकडेही असू शकते. आता माणूसच किल्ली." नानांना हे वाक्य फार आवडलं. आपण किल्ली आहोत, हा विचार निवृत्त माणसाला सुखावतो.

कुलूप बसवायला दिपमाला आली. यावलची मुलगी, स्कूटीवरून, पाठीला ड्रिल मशीन लावून. दाराला भोकं पाडता पाडता तिनं समजावलं, "आबा, नुसता चेहरा असला तर फोटोनं फसवता येतं. नुसतं बोट असलं तर ठसा उचलता येतो. आवाजाची नक्कल होते. म्हणून हे तिन्ही एकदम बघतं. चेहरा, बोट, आवाज. तिन्ही जुळले की माणूस तोच. त्यात चूक होत नाही." आणखी एक सोय होती, हवी तेव्हा चालू करायची. कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे कुलपाच्या लक्षात राहतं. "एकच माणूस दोनदा आत जाऊ शकत नाही," दिपमाला म्हणाली. ही सोय कोणाच्या उपयोगाची, असं इंदिराबाईंनी, म्हणजे नानांच्या पत्नीनं, विचारलं. तेव्हा नाना त्यांच्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघून हसले. ते हसणं पुढे त्यांना महागात पडलं.

"आता नाव सांगा, आबा. कुलूप रोज याच नावानं स्वागत करेल. मोठ्यानं, हं. गल्लीत ऐकू जाईल एवढ्या."

रोज संध्याकाळी भर गल्लीत एक सुशिक्षित बाई, यंत्रातली का होईना, 'स्वागत आहे, सुपडू' म्हणणार! समोरच्या घरात नुकतेच एक प्राध्यापक राहायला आले होते. नानांनी इकडे तिकडे पाहिलं. मग त्यांना आठवलं, की घरातच एक चांगलं नाव वापरावाचून पडून आहे. पाळण्यात गेलेल्या भावाचं. माळ्यावर नवी कोरी परात असताना पोचे पडलेलं ताट कशाला घ्यायचं, असा तो हिशेब होता.

"ज्ञानेश्वर," नाना खाकरून म्हणाले.

ओसरीत अक्का ज्वारी पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. लेकाला ती भाऊच म्हणे.

"भाऊ," ती म्हणाली, "तुनं नाव सुपडू शे. मंग त्या डबडाले दुसरं कसाले सांगं?"

"अक्का, हे नुसतं मशीनपुरतं आहे."

"ते नाव दारमा उभं राहीसन लेवानं नव्हतं, भाऊ."

पण नानांनी ते नाव दारात उभं राहूनच घेतलं होतं. एकदा नाही, तर आवाज नीट नोंदला जावा म्हणून पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या सुरांत. मग दिपमालानं इंदिराबाईंची नोंद केली आणि अक्काला उभं केलं. अक्काची बोटं जन्मभराच्या कामानं गुळगुळीत झालेली, डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात दात नाहीत. कुलपानं तिन्ही गोष्टी तपासल्या आणि ते नम्रपणे म्हणालं, "ओळख पटली नाही." अक्का हसली. "माले कोनी नही वळखं, तेच बरं शे," म्हणाली आणि पुन्हा सुपाशी जाऊन बसली.

पहिले काही दिवस नेहमीचेच गेले, म्हणजे वाईट. नानांचं बोट लागेना. राखेत आणि तेलात वर्षं काढलेलं बोट ते. भूपेंद्र म्हणाला, बोटाला लिंबू चोळा. पलीकडच्या मंदाबाई म्हणाल्या, खोबरेल लावा. नानांनी दोन्ही लावलं, आणि मग कुलूप पुसायला दिपमालाला बोलवावं लागलं. मिशीला कलप लावला त्या दिवशी चेहरा जुळेना. सर्दी झाली तेव्हा आवाज जुळेना. एका दुपारी नाना दारासमोर उभे राहून इतक्या वेळा "मी ज्ञानेश्वर" म्हणाले, की समोरचे प्राध्यापक बाहेर येऊन हात जोडून उभे राहिले.

नानांनी कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलानं तक्रार ऐकून घेतली आणि विचारलं, "सर, आपणच ज्ञानेश्वर आहात याची खात्री कशी करू?"

"म्हणजे? मीच बोलतोय ना!"

"सर, सुरक्षेचा प्रश्न आहे. आपण कुलपासमोर उभे राहून ओळख पटवा, मग आम्ही तक्रार नोंदवू."

"अहो, ओळख पटत नाही हीच तर तक्रार आहे!"

"मग, सर, आपण ज्ञानेश्वर नसाल," मुलगा नम्रपणे म्हणाला, आणि फोन ठेवला गेला. नाना बराच वेळ रिसीव्हर नसलेल्या त्या फोनकडे रागानं बघत राहिले. हल्ली फोन आपटताही येत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच इतकं जाणवलं.

मग एका दिवेलागणीला नाना झोपाळ्यावर चहा घेत होते. इंदिराबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. अक्का देवाजवळ दिवा लावत होती. सगळं घर घरात होतं. तेवढ्यात दारातली बाई आनंदानं म्हणाली,

"स्वागत आहे, ज्ञानेश्वर."

कडी सरकली. दार हळूच उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. अंगणातली तुळस, फाटकाशी उभी नानांची सायकल, बस्स. थोडी गार हवा आत आली, आणि जळगावच्या त्या उकाड्यात गार हवा कुठून येणार?

"पाल असेल," भूपेंद्रनं दुसऱ्या दिवशी निदान केलं. "सेन्सरवर पाल बसली की असं होतं."

"पालीचा आवाज माझ्यासारखा आहे का?" नानांनी विचारलं. भूपेंद्रनं यावर प्रामाणिकपणे विचार केला, आणि त्याचाच नानांना जास्त राग आला.

पण त्या दिवसापासून घरात काहीतरी बिघडलं. रोज नेमकं दिवे लागायच्या वेळी दार कोणाचं तरी स्वागत करी. मजा अशी, की इतके दिवस नानांचं बोट घेताना कुरकुर करणारं ते कुलूप आता एका झटक्यात उघडे. तिन्ही ओळखी पहिल्या फटक्यात. नानांना भीती वाटली, हे खरंच. पण त्याआधी त्यांना थोडा हेवाही वाटला, हेही लपवण्यात अर्थ नाही.

मग एकदा नाना बाजारातून आले आणि म्हणाले, "इंदिरा, चहा टाक."

"आत्ताच तर घेतलात," इंदिराबाई गवार निवडता निवडता म्हणाल्या.

"मी?"

"मागच्या खोलीत. पाठमोरे बसला होतात खिडकीशी. मी कप ठेवला, तुम्ही हूं म्हणालात."

नाना मागच्या खोलीत गेले. खिडकीशी खुर्ची ओढलेली होती. कप रिकामा होता, आणि हात लावून पाहिला तर अजून कोमट. नाना त्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. कप उचलून मोरीत नेला आणि स्वतःच विसळला, म्हणजे चहा दुसराच कोणी प्याला, हे इंदिरेला कळायला नको. संसारात इतक्या वर्षांत त्यांनी कप विसळला नव्हता. त्यामुळे ती जास्तच घाबरली.

दिपमाला पुन्हा आली. कुलूप उघडून, तारा तपासून, एकाच माणसाला दोनदा आत न सोडण्याची ती सोयही चालू करून, तिनं आपल्या मोबाइलवर कुलपानं टिपलेले चेहरे काढले. "बघा आबा, दिवे लागायच्या वेळचे. सगळीकडे तुम्हीच. बोट तुमचं, आवाज तुमचा. मशीन बरोबर आहे."

नानांनी पाहिलं. तेच होते ते. तेच कपाळ, तीच मिशी. फक्त बघण्याची तऱ्हा अशी, की फार दिवसांनी कोणी आपल्या घराकडे बघतंय. अक्कानं मोबाइल मागून घेतला आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांपाशी अगदी टेकवला. मग तिनं पडद्यावरच्या नाकावर बोट ठेवलं.

"हाऊ तू नही शेस, भाऊ. तुना नाकले टोचेल शे. याना नाकले काहीच नही."

दिपमालानं चित्र मोठं केलं. उजवी नाकपुडी साफ होती, भोकाची खूण नाही. नानांचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला. दिपमालानं ड्रिल मशीन पिशवीत घातलं, आणि चहाला न थांबता निघून गेली.

"कोण आहे मग तो?" नानांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच जुळला नाही.

"तू ज्याले बलावं तोच. नाव ज्यानं शे त्यानी आयकं," अक्का म्हणाली. "तो बी वाढी राहिना व्हता, भाऊ. भायेर."

कुलूप काढूनच टाकावं, असं ठरलं. दिपमाला फोन घेईना. भूपेंद्र म्हणाला, ओळखीचा सुतार आहे, उद्या आणतो. हा उद्या उजाडायच्या आतच जे व्हायचं ते झालं.

त्या संध्याकाळी नाना दळण घेऊन घरी परतले. पिठाचा डबा खाली ठेवला, दारासमोर उभे राहिले. बोट टेकवलं. बोट लागलं. चेहरा दाखवला. चेहरा जुळला. "मी ज्ञानेश्वर," ते म्हणाले, आवाजही जुळला. कुलूप क्षणभर विचारात पडलं आणि मग ती बाई अतिशय अदबीनं म्हणाली,

"आपण आधीच घरात आहात."

नानांनी घंटी वाजवली. आतून इंदिराबाईंचा आवाज आला. "कोण?"

"मी."

"मी म्हणजे?"

"अगं, मी! नवरा तुझा!"

मग खिडकीची एक फळी किलकिली झाली. इंदिराबाईंनी बाहेर नानांकडे पाहिलं. मान वळवून आत पाहिलं. पुन्हा बाहेर पाहिलं. "हे तर झोपाळ्यावर बसलेत," त्या कुजबुजल्या, आणि पुढच्याच क्षणी दार उघडून अनवाणी अंगणात आल्या. त्यांच्यामागे दार बंद झालं. आत झोपाळ्याच्या कड्या संथपणे करकरत होत्या. अक्का आत राहिली होती.

"अक्का!" नाना ओरडले. दारावर थापा मारल्या, खांदा लावला. कुलूप प्रत्येक थापेला तेच वाक्य तितक्याच अदबीनं सांगत होतं. आपण आत आहोत आणि आपली आई आपल्याजवळ आहे, ही जगातली सगळ्यात भीतीदायक बातमी असू शकते, हे नानांना त्या वेळी कळलं. भूपेंद्र धावत आला, मंदाबाई आल्या, प्राध्यापकही आले.

मग दार आतून उघडलं आणि अक्का सूप घेऊन शांतपणे बाहेर आली. तिच्यामागे दार पुन्हा बंद झालं. कमरेला ज्वारीची पुरचुंडी खोचलेली. तिनं नानांकडे पाहिलं, त्यांच्या नाकपुडीवरून बोट फिरवलं, आणि म्हणाली, "सौदा मोडना, भाऊ. पुन्हा करना पडी. उकिरडा कोठे शे?"

आता कॉलनीत उकिरडा कुठून असणार? तिथे महापालिकेचे दोन डबे होते. अक्कानं त्यांच्याशेजारी सूप ठेवलं आणि नानांना म्हणाली, "बस."

"अक्का, या वयात? गल्ली बघतेय."

"बस म्हंतू ना."

नाना बसले. म्हणजे सुपात त्यांचा जेवढा भाग मावतो तेवढा बसला. सूप करकरलं. प्राध्यापकांनी सभ्यपणे आकाशाकडे पाहिलं. भूपेंद्रला काहीतरी करावंसं वाटत होतं. तो म्हणाला, "अक्का, कोणत्या डब्याजवळ? ओल्या की सुक्या?" इंदिराबाई रडता रडता हसल्या. नानांना आयुष्यातला सगळा अपमान त्या एका बैठकीत एकत्र झाल्यासारखा वाटला. पण ते उठले नाहीत, कारण दारामागे झोपाळा अजून करकरत होता.

"मंदा, उचल त्याले," अक्का म्हणाली.

मंदाबाईंनी पदर खोचला. नानांना उचलणं भूपेंद्रच्या केळीच्या हमालांनाही जमलं नसतं, म्हणून त्यांनी नुसता खांदा धरला आणि ठणकावून म्हणाल्या, "हे पोर मला उकिरड्यावर सापडलं. माझं आहे. मूठभर ज्वारीला देते, घेता का अक्का?"

अक्कानं मंदाबाईंच्या ओंजळीत ज्वारी घातली. "लिन्हा. यानं नाव सुपडू शे." मग नानांना म्हणाली, "सांग तू. मोठ्यानं सांग."

नाना सुपात बसल्या बसल्या दाराकडे बघत ओरडले, "मी सुपडू!" जन्मात पहिल्यांदा ते नाव त्यांनी न खाकरता घेतलं.

झोपाळा थांबला.

अक्का दाराशी गेली. उंबऱ्यापाशी उभी राहून, पाहुण्याला बोलवावं तशी हळू आवाजात म्हणाली, "ज्ञानेश्वर, भायेर ये, भाऊ."

कडी सरकली आणि दार उघडलं. कोणी दिसलं नाही. फक्त अक्काची मान वर झाली, स्वतःपेक्षा उंच माणसाकडे बघताना होते तशी.

"तू बी मनाच शेस," ती म्हणाली. "तुले नाव दिन्हं, पन वाढवता नही उनं. पन हाई घर सुपडूनं शे, भाऊ. आते जाय. अंधार पडी राहिना. मी बी येसू लवकरच." आणि पुरचुंडीत उरलेली ज्वारी मुठीत घेऊन तिनं हात पुढे केला. मूठ उघडली. सगळ्यांनी पाहिलं, एकही दाणा खाली पडला नाही. अक्काचा तळहात मात्र रिकामा होता.

काही वेळानं दारातली बाई म्हणाली, "वापरकर्ता काढून टाकण्यात आला आहे."

फाटकाशी नानांची सायकल थोडी हलली, कोणी अंग चोरून शेजारून गेल्यासारखी. अक्का उंबऱ्यावर बसली आणि रडली. एवढी वर्षं रडायचं राहूनच गेलं होतं.

कुलूप काही निघालं नाही, कारण भूपेंद्रचा सुतार अजून यायचाच आहे. बऱ्याच विनवण्यांनंतर दिपमाला आली, दिवसाउजेडी, एका मैत्रिणीला सोबत घेऊन. तिनं जुनी नोंद शोधली. "आबा, ज्ञानेश्वर यांनी स्वतःच आपलं नाव काढलंय. चेहरा, बोट, आवाज, तिन्ही देऊन. तुम्हीच काढलं का?" नाना म्हणाले, "नाही. भावानं काढलं." तिनं घाईनं नवी नोंद उघडली.

"मग आता नाव काय घालू?"

"सुपडू," नाना म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की समोरचे प्राध्यापक पुन्हा बाहेर आले. बोट पहिल्या फटक्यात लागलं. आता रोज संध्याकाळी ती बाई गल्लीला ऐकू जाईल असं त्यांचं स्वागत करते, आणि नाना नाक वर करून आत येतात, टोचलेली बाजू रस्त्याकडे ठेवून.

परवा दिवेलागणीला नाना झोपाळ्यावर पेपर वाचत होते. अक्का दिवा लावून दाराशी जाऊन उभी राहिली. उंबऱ्यावर तिनं चिमूटभर ज्वारी ठेवली आणि हलक्या आवाजात विचारलं,

"जेवना का रे भाऊ?"

नाना 'हो' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की अक्काची पाठ आपल्याकडे आहे. त्यांनी पेपर वर केला आणि ते गप्प बसले.